फिल्म फोटोग्राफी येते, हे सिद्ध कसं करायचं?

गेल्या काही वर्षांत माळ्यावरचे जुने कॅमेरे पुन्हा खाली उतरायला लागले आहेत. कुणाला आजोबांचा याशिका सापडतो, कुणी जुन्या बाजारातून झेनिट उचलतं आणि मग रोलची शोधाशोध सुरू होते. ३६ फोटोंचा रोल आणि तो धुण्याचा खर्च धरला तर शटरच्या प्रत्येक दाबामागे पैसे जातात. त्यामुळे दोन-चार रोल वाया गेले की माणूस शिकवणारं कुणीतरी शोधायला लागतो. आणि शिकायचा विषय निघाला की आपल्याकडे पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: याचं सर्टिफिकेट मिळतं का?

मिळतं, आणि एकच नाही तर बऱ्याच प्रकारचं मिळतं. पण ‘या माणसाला फिल्मवरची फोटोग्राफी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत येते’ एवढी साधी गोष्ट त्यातलं जवळजवळ कुठलंच सर्टिफिकेट ठामपणे सांगत नाही. असं का होतं, हे कळायला आधी या कामात शिकण्यासारखं काय आहे ते पाहावं लागेल.

शिकायचं म्हणजे नेमकं काय?

फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिशय बारीक कण. प्रकाश पडला की या कणांत बदल होतो, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. ही दडलेली प्रतिमा डेव्हलपर नावाचं रसायन बाहेर काढतं. ज्या कणांना प्रकाश लागला त्यांची काळी चांदी होते. मग फिक्सर, ज्याला जुने स्टुडिओवाले सरसकट ‘हायपो’ म्हणतात, तो उरलेले कण विरघळवून टाकतो. त्यानंतर पाण्याने धुणं आणि वाळवणं. हाती येते ती निगेटिव्ह. तिच्यातून एन्लार्जरने कागदावर प्रकाश टाकायचा आणि हीच सगळी कसरत कागदावर पुन्हा करायची, की प्रिंट तयार.

म्हणजे ढोबळमानाने कामं तीन. बेताचा प्रकाश देऊन फोटो घेणं, रोल धुणं आणि प्रिंट काढणं. ही तिन्ही एकाच माणसाला यायलाच हवीत अशी गरज १८८८ साली संपली. त्या वर्षी जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असायचा. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा, तिथून फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत यायचा. तेव्हापासून ‘मला फोटोग्राफी येते’ या वाक्याचे दोन अर्थ झाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी कॅमेरे होते, पण रोल कोपऱ्यावरच्या कलर लॅबमध्येच जायचा. त्या काळात उत्तम फोटो काढणाऱ्या कितीतरी जणांनी स्वतः एकही रोल धुतलेला नाही.

यातलं पहिलं काम, म्हणजे प्रकाशाचा अंदाज, सर्वांत फसवं आहे. लाइट मीटरला समोर पांढरी भिंत आहे की काळी शेरवानी हे कळत नाही, तो प्रत्येक गोष्ट मध्यम करडी आहे असं धरून आकडा सांगतो. म्हणून मीटरचं ऐकून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला की ती मळकट दिसते. यावरचा सर्वांत पद्धतशीर उपाय वर्गातून आला, ही गंमत आहे. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर हे दोघे लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवत असताना १९३९-४० च्या सुमारास त्यांनी ‘झोन सिस्टिम’ मांडली. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे क्रमवार भाग पाडायचे, दृश्यातली कुठली वस्तू कुठल्या भागात यावी हे आधी ठरवायचं आणि त्यानुसार प्रकाश आणि धुण्याचा वेळ बेतायचा. अनुभवी माणसाच्या ‘नजरेला’ त्यांनी मोजमाप दिलं. मोजमाप आलं की शिकवता येतं, आणि शिकवता आलं की तपासताही येतं.

रोल धुण्याचं काम मुळात आकड्यांचंच आहे. इलफर्ड कंपनीची एचपी ५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आणि त्याच कंपनीचा आयडी-११ डेव्हलपर घ्या. डेव्हलपर समभाग पाण्यात मिसळला आणि तापमान २० अंश सेल्सिअस असलं, तर कंपनीच्या तक्त्यात वेळ दिलेला आहे १३ मिनिटं. तेच द्रावण २४ अंशांवर गेलं तर साधारण ९ मिनिटांतच तेवढं काम होतं. आता आपल्याकडचा एप्रिल आठवा. टाकीतलं पाणी ३० अंशांच्या वर असतं. परदेशी पुस्तकातली वेळ जशीच्या तशी पाळली तर निगेटिव्ह करपल्यासारखी काळीभोर होते. म्हणून इथल्या डार्करूममध्ये बर्फाचे खडे घातलेली परात आणि थर्मामीटर ही दोन साधनं कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची. कुठल्याही वर्गात नाव घालण्याआधी ‘उन्हाळ्यात पाण्याचं काय करता?’ एवढं विचारून बघा. उत्तर पटकन आलं तर तो माणूस खरंच रोल धुतो.

निगेटिव्ह हीच उत्तरपत्रिका

फिल्मच्या बाबतीत एक सोय अशी आहे की चूक कुठे झाली हे निगेटिव्ह स्वतःच सांगते, फक्त ती वाचता यायला हवी. फिल्मच्या कडेला भोकांपाशी कंपनीचं नाव आणि फोटोंचे क्रमांक असतात. ही अक्षरं शाईने छापलेली नसतात. कारखान्यातच त्या जागी ठरावीक प्रकाश दिलेला असतो आणि रोल धुतला की ती उमटतात. म्हणजे प्रत्येक रोलमध्ये कंपनीने आपला एक परीक्षक बसवून ठेवला आहे म्हणा ना.

रोल पूर्ण कोरा आला आणि कडेची अक्षरं मात्र ठळक आहेत, तर धुणं बरोबर झालं. चूक कॅमेऱ्यातली, बहुतेक फिल्म पुढे सरकलीच नाही. अक्षरंसुद्धा गायब असतील तर धुणाऱ्याची चूक, डेव्हलपरच्या आधी फिक्सर ओतला गेला किंवा डेव्हलपर मेलेला होता. अक्षरं ठळक पण फोटो फिकट, सावल्यांमध्ये काहीच तपशील नाही, तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. फोटो आणि अक्षरं दोन्ही फिकट, तर धुणं अपुरं. कडेपासून कडेपर्यंत सगळी पट्टी काळी, तर रोलला कुठेतरी उजेड लागला. पट्टी दुधाळ दिसते, तर फिक्सर पुरेसा झाला नाही, आणि हा दोष पुन्हा फिक्सरमध्ये बुडवून सुधारता येतो.

इतकी स्पष्ट उत्तरपत्रिका फार थोड्या कलांना मिळते. लॅबच्या धंद्यात तर हीच कल्पना रोजची शिस्त झाली. रंगीत निगेटिव्हसाठीच्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश आणि वेळ ३ मिनिटं १५ सेकंद असं जगभर एकच ठरलेलं आहे. ते पाळलं जातंय का हे पाहायला लॅबमध्ये आधीच मोजून प्रकाश दिलेली ‘कंट्रोल स्ट्रिप’ यंत्रातून फिरवतात, तिच्यावरच्या छटांचा दाटपणा डेन्सिटोमीटरने मोजतात आणि आलेखावर मांडतात. रेघ मर्यादेबाहेर गेली की ग्राहकांचे रोल थांबवायचे. इथे तपासणी होते ती कामाची. यंत्रापुढे उभा असलेला माणूस काय शिकलाय याची नाही.

प्रिंटचीही अशीच परीक्षा घेता येते. टेस्ट स्ट्रिप काढून वेळ ठरवणं, आकाश जास्त वेळ उजेडात ठेवून गडद करणं, चेहऱ्यावर हाताची सावली धरून तो उजळ ठेवणं ही कसबाची कामं डोळ्याला दिसतात. न दिसणारं काम म्हणजे धुलाई. कागदात हायपो उरला तर प्रिंट आज सुंदर दिसते आणि काही वर्षांनी पिवळी पडते, तिच्यावर डाग येतात. जुन्या अल्बममधले कितीतरी पिवळे फोटो वयाने असे झालेले नाहीत, घाईने झालेत. लग्नसराईत शंभर प्रिंट एकाच हौदात धुतल्या की दुसरं काय होणार! हे तपासायची सोपी चाचणी आहे. धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर सिल्व्हर नायट्रेट आणि ॲसिटिक ॲसिडच्या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि दोन मिनिटांनी डाग पाहायचा. डाग जितका तपकिरी, तितका हायपो जास्त उरलेला. कुठल्याही परीक्षेत हा एक थेंब ठेवला तर बरेच विद्यार्थी पुन्हा नळाखाली जातील.

कागद नसलेली परंपरा

आपल्याकडे फोटोग्राफीचं शिक्षण जुनं आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तेव्हा आजची फिल्म नव्हती, काच आणि कागद यांवर काम चालायचं. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक छायाचित्रकार झाले.

तरीही पुढच्या शंभर वर्षांत बहुतेकांनी हे काम शिकलं ते कुणाच्या तरी हाताखाली. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, स्टुडिओही चालवला होता. पण १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांना सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते, आणि सावकाराला डिप्लोमा दाखवून काय उपयोग? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी करून फिल्मवर टिपली. मिनिटभरात वेल उगवून वर चढताना दिसली आणि पैसे मिळाले. ‘अंकुराची वाढ’ हे फाळक्यांचं प्रमाणपत्र. फिल्मच्या कडांना भोकं पाडणं आणि ती धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके घरातच शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, त्यामागे त्यांचे हात होते. त्यांच्या नावावर कुठला कागद असण्याचा प्रश्नच नव्हता.

होमाई व्यारावाला यांचीही गोष्ट तशीच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. शिक्षण जे. जे. मध्ये झालेलं, पण कॅमेरा आणि डार्करूम त्या शिकल्या माणेकशा व्यारावालांकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीचे त्यांचे फोटो तर माणेकशांच्या नावाने छापून यायचे. म्हणजे कौशल्य होतं, कामही होतं, आणि तरी नाव दुसऱ्याचं. कागद नसण्याचा तोटा कुणाला होतो, हे यावरून दिसतं. गावोगावच्या स्टुडिओंत तीस-तीस वर्षं प्रिंट काढलेले, रीटचिंगमध्ये हात बसलेले कारागीर आजही आहेत. स्टुडिओ मालकाचं नाव पाटीवर राहिलं. यांच्याकडे ‘मी हे करायचो’ एवढं सांगण्यापलीकडे काही नाही.

आज कुठले कागद मिळतात?

सरकारी मार्गावर पाहिलं तर आयटीआयमध्ये पूर्वी ‘फोटोग्राफर’ हा ट्रेड होता. आज त्या जागी ‘डिजिटल फोटोग्राफर’ आहे, दहावीनंतर एक वर्षाचा. नावातच उत्तर आहे. उद्योग जिकडे गेला तिकडे अभ्यासक्रम गेला, त्यात चूक काही नाही, पण डार्करूमचं कसब त्या वाटेवर उरलेलं नाही. आधीच काम येणाऱ्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. पण ती चाचणी ठरवून दिलेल्या कामांच्या चौकटीतच होते. चौकटीत जे काम नाही, ते कितीही उत्तम येत असलं तरी तिथे मोजलं जात नाही.

दुसरा प्रकार मानचिन्हांचा. ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी १८५३ पासूनची. ती लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा तीन पायऱ्यांवर मान देते आणि नावापुढे अक्षरं लावता येतात. पहिल्या पायरीला १० छायाचित्रांचा संच द्यावा लागतो, दुसरीला १५ छायाचित्रं आणि त्यांच्यामागचा हेतू सांगणारं टिपण. प्रिंट दिल्या तर छपाईचा दर्जाही पाहिला जातो. आपल्याकडच्या हौशी मंडळींत ‘एफआयएपी’ची अक्षरं जास्त ओळखीची. ही आंतरराष्ट्रीय संघटना स्पर्धा-प्रदर्शनांत किती छायाचित्रं निवडली गेली यावर पदव्या देते. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी तिच्याशी जोडलेली आहे. या पदव्यांना मान आहे आणि तो मेहनतीने मिळतो. पण परीक्षकांपुढे असतं ते शेवटचं चित्र. तुम्ही ते फिल्मवर घेतलं की मोबाइलवर, रोल स्वतः धुतला की लॅबने, हे ते विचारत नाहीत. निगेटिव्ह मागवून कडेची अक्षरं कुणी पाहत नाही.

जर्मनीत हा पेशा आजही उमेदवारीने शिकता येतो. तीन वर्षं स्टुडिओत काम, सोबत शाळा आणि शेवटी कारागीर-मंडळाची परीक्षा. पूर्वी स्वतःचा स्टुडिओ काढायला त्यापुढची ‘उस्ताद’ परीक्षाही लागायची. २००४ साली ती अट काढून टाकली. ज्या देशात पदवीशिवाय भट्टी पेटत नाही म्हणतात, तिथेही फोटोग्राफरला कागद ऐच्छिक झाला.

उरले कार्यशाळांचे कागद. शहरांमध्ये शनिवार-रविवारचे डार्करूम वर्ग चालतात. गोव्यात ‘गोवा सेंटर फॉर अल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ या संस्थेने जुन्या छपाई-पद्धतींच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. अशा ठिकाणी मिळणारं प्रमाणपत्र बहुधा हजेरीचं असतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. दोन दिवसांत कुणाचीही परीक्षा घेता येत नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा वर्ग चालवणारा त्याच कागदाला ‘प्रोफेशनल सर्टिफिकेशन’ म्हणतो आणि फी तिप्पट करतो. अशा वेळी विचारावं की परीक्षेत नापास झालेलं कुणी आहे का. जिथे कुणीच नापास होत नाही तिथला कागद फक्त पावती आहे.

मग फिल्मचं काम येणाऱ्याला कुठे विचारलं जातं? सर्वांत खरी गरज संग्रहालयांना आणि फिल्म जतन करणाऱ्यांना आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०१५ पासून चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाबरोबर जतनाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तिथे रिळं उलगडून तपासणं, फाटलेली भोकं दुरुस्त करणं, जोड नव्याने लावणं हे टेबलावर बसून करायचं असतं. जुन्या निगेटिव्हचा गठ्ठा समोर आला की तो कुठल्या फिल्मचा, कसा धुतलेला आणि कशाने बिघडलेला हे ओळखणारा माणूस लागतो. ते ज्ञान ज्याने स्वतः रोल बिघडवले आणि सुधारले त्यालाच असतं.

स्वतःची फाइल

म्हणून शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून स्वतःचा पुरावा जमवावा, हे बरं. प्रत्येक रोलची निगेटिव्ह सहा-सहा फोटोंच्या पट्ट्यांत कापून पारदर्शक पानांत घालायची, सोबत कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्हच्या आकारातच काढलेली सगळ्या फोटोंची एक प्रिंट. कॉन्टॅक्ट शीट खोटं बोलत नाही. ३६ मधला एकच चांगला आला की तीस, हे तिच्यावर दिसतं. वहीत फिल्मचं नाव, मीटरने सांगितलेला आकडा आणि तुम्ही ठेवलेला आकडा, डेव्हलपर, त्याचं प्रमाण, तापमान, वेळ. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने कागद, फिल्टर आणि सेकंद. टेस्ट स्ट्रिपही टाकायच्या नाहीत. अशी फाइल पाहून जाणकाराला दहा मिनिटांत कळतं की समोरच्याला काय येतं आणि कुठे अडतं. जुन्या स्टुडिओत काम केलेल्या कुणाला हे दाखवता आलं तर उत्तमच. बहुतेक जण तुमच्या चांगल्या प्रिंटकडे दुर्लक्ष करून आधी निगेटिव्ह उजेडाकडे धरतील.

आणि सुरुवातीचे पाच-सहा रोल एकाच फिल्मचे, एकाच डेव्हलपरमध्ये धुतलेले असावेत. दुकानात चार तऱ्हेच्या फिल्म दिसतात आणि मोह होतो. पण दर वेळी फिल्मही बदलली आणि रसायनही, तर वहीतले आकडे एकमेकांशी लावून बघता येत नाहीत आणि चूक कॅमेऱ्याची की धुण्याची हे सहाव्या रोललाही कळत नाही. आधी साधी ४०० स्पीडची कृष्णधवल फिल्म, थर्मामीटर आणि परात. रंगीत रोल तूर्तास लॅबलाच द्यावा.